गुप्तदान कशाला म्हणावे?

वाचन : मत्तय ६:१-४, अनुवाद १६:१८-२०, १ शमुवेल १२:१-५



२०२४ साली राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता. दरवर्षीप्रमाणे त्या दिवशी मिस्सेत संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला गेला. दान करताना गाजावाजा करू नका, एका हाताने दिलेले दुसऱ्या हातालाही कळू देऊ नका, ही प्रभूची शिकवण आपण ऐकली, कपाळावर राख घेतली आणि घरी आलो. दुसऱ्याच दिवशी, १५ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की राजकीय पक्षांना नाव न सांगता पैसे देण्याची निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य आहे. या पाचांत धनंजय चंद्रचूड आणि भूषण गवई असे दोन मराठी न्यायमूर्ती होते.

शुभवर्तमान म्हणते दान गुप्त असावे. न्यायालय म्हणते अशी गुप्तता चालणार नाही. मग खरे कोणाचे? धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलाने हा प्रश्न विचारला तर आपल्याजवळ उत्तर हवे. आमच्या मते दोन्ही खरे आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी व्यवहार पाहू या आणि मग पवित्र शास्त्राकडे वळू या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते सांगणे आमचे काम नाही. पण "चर्चने पैसा आणि राजकारण यांवर बोलूच नये" हेही आम्हाला मान्य नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी करू नको या आज्ञेखाली, जी पापे सांगितली आहेत त्यांत कायद्याने निर्णय घेण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचे मन पैशाने वळवणे हेही आहे. परिच्छेद २४०९ उघडून पाहा. पहिल्या कम्युनियनच्या मुलांना आपण सातवी आज्ञा शिकवताना पेन्सिल आणि खोडरबर चोरण्याची उदाहरणे देतो. मोठ्यांनी तीच आज्ञा पुढच्या पानापर्यंत वाचायला हवी.

आता निवडणूक रोखे काय होते ते पाहू. १ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात त्या वेळचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ही योजना जाहीर केली आणि २ जानेवारी २०१८ रोजी ती अधिसूचित झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत जायचे, एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे विकत घ्यायचे आणि हव्या त्या पक्षाला द्यायचे. पक्षाने ते पंधरा दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नाही. पक्षाने ते नाव निवडणूक आयोगाला कळवायचे नाही. कंपनीनेही आपल्या हिशेबात कोणत्या पक्षाला किती दिले हे लिहायचे नाही. शिवाय कंपन्यांवर आधी एक मर्यादा होती. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच त्यांना पक्षांना देणगी देता येत असे. तीही काढून टाकली. त्यामुळे तोट्यात असलेली कंपनीसुद्धा हवे तितके देऊ शकत होती. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने त्याच वेळी आक्षेप नोंदवले होते. ते बाजूला ठेवले गेले.

जानेवारी २०२४ पर्यंत असे सुमारे १६,५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. सामान्य माणसाला देणगी देता यावी म्हणून हजार रुपयांचाही रोखा ठेवला होता, असे म्हणता येईल. प्रत्यक्षात रकमेच्या हिशेबाने नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे एक कोटीचेच होते. एक कोटीचा रोखा भाजीवाली घेत नाही.

निकालानंतर स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि १४ मार्चला यादी लोकांसमोर आली. आठवड्याने रोख्यांचे क्रमांकही आले, आणि कोणाचा पैसा कोणाकडे गेला हे जुळवता आले. हे सगळे उपवासकाळातच घडले. आपण क्रूसाच्या वाटेची भक्ती करत होतो आणि वर्तमानपत्रांत नावे छापून येत होती.

एप्रिल २०१९ पासूनच्या त्या यादीत सर्वांत मोठी खरेदीदार होती फ्युचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी. तिने १,३६८ कोटींचे रोखे घेतले आणि अनेक पक्षांना दिले. दुसरी होती हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग. धरणे, बोगदे, पाणीयोजना अशी मोठी सरकारी कामे करणारी ही कंपनी, तिचे ९६६ कोटी. घेणाऱ्यांत भारतीय जनता पक्षाला सुमारे ६,००० कोटी, म्हणजे जवळजवळ निम्मे मिळाले. तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसला सुमारे १,४०० कोटी, तेलंगणातल्या भारत राष्ट्र समितीला सुमारे १,२०० कोटी. केंद्रात सत्ता एकाची, राज्यांत दुसऱ्यांची. पैशाची धार बहुतेक सत्तेच्या खुर्चीकडेच वाहिलेली दिसते, खुर्चीवर कोणत्याही रंगाचा माणूस बसलेला असो. म्हणून या विषयात एका पक्षाला शिव्या देऊन मोकळे होता येत नाही.

एखाद्या कंपनीवर छापा पडला आणि थोड्याच काळात तिने रोखे घेतले, अशा तारखा वृत्तपत्रांनी शेजारी शेजारी मांडल्या. तारखा जवळ असणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, आणि विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्य केली नाही. आम्हीही कोणावर आरोप करत नाही. पण संशय निर्माण झाला तो का? व्यवहार अंधारात ठेवला म्हणून. उजेडात असता तर प्रामाणिक देणगीदारावर बोट उचलायची कोणाची हिंमत झाली नसती.

आता शास्त्राकडे येऊ. मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू ज्या दानाविषयी बोलतो ते भिक्षादान आहे. घेणारा गरीब आहे. तो परत काही देऊ शकत नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू हेच आणखी उघड करून सांगतो : मेजवानी दिलीस तर श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस, ते तुला उलट आमंत्रण देतील आणि फिटंफाट होईल. ज्यांच्याकडे परतफेडीला काही नाही त्यांना बोलाव. गुप्तदानाचे मर्म इथे आहे. देणारा आपले नाव लपवतो, कारण त्याला मोबदला नको असतो, मानाचाही नको असतो.

रोख्यांच्या व्यवहारात काय होते? देणारा श्रीमंत, आणि घेणाऱ्याच्या हातात कंत्राट, परवाना, जमीन, कर, चौकशी. घेणारा परतफेड करू शकतो, आणि भरपूर करू शकतो. आपल्या भाषेत देवाला आणि गरिबाला दिले तर ते दान, आणि साहेबाला टेबलाखालून दिले तर त्याला वेगळा शब्द आहे. निकालपत्रात न्यायमूर्ती चंद्रचूडांनी याच आशयाचे लिहिले आहे की कंपन्यांच्या देणग्या हा निव्वळ धंद्याचा व्यवहार असतो, त्यामागे मोबदल्याची अपेक्षा असते. न्यायालय घटनेच्या वाटेने गेले, आपण शुभवर्तमानाच्या वाटेने गेलो, आणि दोघे एकाच ठिकाणी पोहोचलो.

शिवाय गुप्तता कोणापासून, हेही पाहावे. भिक्षादान लपवायचे ते टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीपासून. पित्याला ते दिसतेच. रोख्यांत लपवले गेले ते मतदारापासून, म्हणजे ज्याला निवाडा करायचा आहे त्याच्यापासूनच. सत्तेपासून मात्र ते पुरते लपलेले नव्हते. बँक सरकारी, आणि कंपनीचा माणूस आपण काय दिले हे पक्षाला खासगीत सांगायला मोकळाच. डोळे बांधले ते फक्त आपले. नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात न्यायाची वाट वाकडी करण्यासाठी लपवून दिलेल्या लाचेचा उल्लेख आहे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात मोशे न्यायाधीशांना बजावतो की लाच शहाण्यालाही आंधळा करते. मोशेने मूर्खाची गोष्ट केलेली नाही, शहाण्याची केली आहे. चांगला, सुशिक्षित, देवभीरू माणूसदेखील ज्याच्या पैशावर निवडून आला त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

याची एक बारीक गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे, चोविसाव्या अध्यायात. सुभेदार फेलिक्स पौलाला वरचेवर बोलावून घेई, त्याच्याशी बोले. पौल निर्दोष आहे हे त्याला उमगत होते. पण पौलाकडून काही पैसे मिळतील ही आशा होती. त्यामुळे त्याने निकालच दिला नाही. दोन वर्षे गेली आणि पौल कैदेतच राहिला. पैशाचा प्रभाव म्हणजे दर वेळी खोटा निकाल असे नाही. फाईल तशीच पडून राहते, खाणीच्या चिखलाने भात कुजल्याची तक्रार "बघू" म्हणून बाजूला ठेवली जाते, आणि कोणी काही चुकीचे केले असे कागदावर कुठेच दिसत नाही.

मोठ्या कंपन्या आणि पक्ष यांचा हा प्रश्न रोख्यांपासून सुरू झालेला नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या नियमांत राजकीय देणग्यांची तरतूद करायची होती, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्यात आडकाठी नाही म्हणून परवानगी कायम ठेवली, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळू शकतो असा इशारा दिला आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचवले. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. प्रत्येक वेळी कायदा बदलणारे हात तेच होते, ज्यांना देणगी मिळायची होती.

यातली एक गोष्ट गोव्याला आणि आपल्या सर्व चर्च-संस्थांना जवळची आहे. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ठरवले की ब्रिटनमधल्या वेदांता समूहाच्या स्टरलाइट आणि सेसा गोवा या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी परदेशी देणग्यांविषयीचा १९७६ चा कायदा मोडला. पुढे काय व्हायला हवे होते? कारवाई. प्रत्यक्षात २०१६ च्या वित्त कायद्याने "परदेशी" या शब्दाची व्याख्याच बदलली. ती २०१० पर्यंतच मागे पुरत होती म्हणून २०१८ मध्ये ती थेट ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत त्या वर्षी वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झाले. दोन वैरी पक्षांचे बेचाळीस वर्षांपर्यंतचे दोष एका ओळीने धुऊन निघाले.

आता त्याच परदेशी देणग्यांच्या कायद्याची दुसरी बाजू आपण जवळून जाणतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अनाथाश्रम, कुष्ठधाम, वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेला परदेशातून येणारी मदत दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते, मग संस्था बेळगावच्या खेड्यात असो की गोव्याच्या. कार्यालयीन खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक द्यायचे. मिळालेली मदत शेजारच्या गरजू संस्थेला पुढे देता येत नाही. २०२१ च्या नाताळच्या दिवशी तर मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे नूतनीकरण नाकारले गेले होते. ते जानेवारी २०२२ मध्ये परत मिळाले. हिशेब मागण्याला आमचा विरोध नाही. परक्याच्या पैशाचा पै-पैचा हिशेब द्यावाच. आमचा प्रश्न वेगळा आहे. बँक एकच. तिच्या एका खिडकीवर अनाथ मुलांच्या दुधाच्या पैशाला शंभर प्रश्न, आणि दुसऱ्या खिडकीवर एक कोटीच्या रोख्याचे नाव गुपित. याला समान न्याय म्हणायचे का? अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजने ठेवायला मनाई आहे, एक मोठे आणि एक लहान. ती मनाई वाण्यापुरती नसावी.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पक्ष चालवायला पैसा लागतो हे खरे. रोख नोटांच्या पिशव्यांपेक्षा बँकेतून आलेला पैसा बरा, हेही खरे. आणि उद्योजकाने उघडपणे विरोधी पक्षाला दिले तर सत्ताधारी सूड घेतील, ही भीती तर अगदी खरी आहे. पण त्या भीतीवर पडदा हा उपाय नाही, कारण पडद्याची दोरी ज्याच्या हातात त्याचीच तर भीती होती. आणि नाही म्हणता येते, याचाही दाखला आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत, उलट त्यांच्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत तो होता. त्यांच्या विचारांशी आपले अनेक मतभेद आहेत. पण देव न मानणारे जिथे हात मागे घेतात, तिथे देव मानणाऱ्यांनी हात पुढे केला तर लोक काय म्हणतील?

रोखे गेले, पण प्रश्न गेलेला नाही. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, तरी त्या मर्यादेत आणि निवडणूक ट्रस्टमार्फत कंपन्या आजही देऊ शकतात. नावे कळतात, पण बहुतेकदा निवडणूक होऊन गेल्यावर. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, कर्नाटकात विधानसभेला ४० लाख, गोव्यात २८ लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. पुढची दारे लावली आणि मागचे अंगण उघडे ठेवले, असा हा प्रकार आहे.

आपण काय करायचे? शमुवेलाकडे पाहा. म्हातारपणी तो सगळ्या इस्राएलसमोर उभा राहिला आणि विचारले, मी कोणाचा बैल घेतला, कोणावर जुलूम केला, कोणाच्या हातून लाच घेऊन डोळे मिटले, ते माझ्या तोंडावर सांगा, मी परत करतो. लोक म्हणाले, काही घेतले नाहीस. असा हिशेब मागणे हा लोकांचा हक्क आहे आणि देणे हा पुढाऱ्याचा धर्म. म्हणून उमेदवार मत मागायला दारी आला की आदराने पाणी द्यावे, आणि एवढे विचारावे : साहेब, तुमच्या पक्षाला सर्वांत मोठी देणगी कोणी दिली? निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पक्षांचे देणगी अहवाल आणि उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे असतात. आपल्या युवकांनी ती काढून चार लोकांना वाचून दाखवावीत. मोबाइल सगळ्यांकडे आहेच.

दुसरे, मताच्या आदल्या रात्री येणारे पाकीट. साडी, कुकर, पाचशेची नोट, वेलंकण्णीला जायला फुकट बस, सणाच्या मांडवाचा खर्च. हे पैसे येतात कुठून, असा विचार आपण क्वचितच करतो. एक कोटीच्या चेकचे ते शेवटचे टोक आहे. वर ज्याने कोटी दिले तो खाली आलेल्या पाचशेसकट सगळे वसूल करणार, आणि आपल्याच रस्त्यातून, आपल्याच दवाखान्यातून करणार. मार्कच्या बाराव्या अध्यायातल्या विधवेने दोन छोटी नाणी टाकली आणि प्रभूने तिच्याकडे बोट दाखवले, कारण तिने आपले सर्व दिले होते. त्या विधवेचे मत पाचशे रुपयांना विकत घेणारा तिचे घरच लुटतो. पाकीट परत करणे गरिबाला जड जाते, हे आम्ही जाणतो. म्हणून ज्यांच्या घरी दोन वेळची चूल नीट पेटते त्यांनी आधी परत करावे. मांडवाला देणगी हवीच असेल तर पावती फाडून, नाव फलकावर लावून घ्यावी, आणि निवडणूक जवळ आली असेल तर नम्रपणे "नंतर द्या" म्हणावे.

तिसरे, हिशेब मागणाऱ्याने हिशेब द्यावा. अनेक पॅरिशमध्ये मिस्सेनंतर मागच्या रविवारचे दान किती जमले ते वाचून दाखवतात. काहींना ते कंटाळवाणे वाटते. आम्हाला ती सुंदर प्रथा वाटते. दहा रुपयांची नोट टाकणाऱ्या आजीला आपला पैसा कुठे गेला हे कळते. जी शिस्त एका छोट्या चर्चला जमते, ती देश चालवणाऱ्या पक्षांना जमायला काय हरकत आहे?

धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या त्या मुलाला मग आपण असे सांगू : बाळा, भुकेल्याला देशील तेव्हा नाव लपव. अधिकाऱ्याला किंवा पुढाऱ्याला द्यायची वेळ आली आणि नाव लपवावेसे वाटले, तर पैसे खिशातच ठेव.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, तू कोणाचे तोंड पाहून न्याय करत नाहीस आणि कोणाची लाच घेत नाहीस. आमच्या देशाचा कारभार पाहणाऱ्यांना स्वच्छ हात आणि उघडे डोळे दे. जे उद्योजक भीतीपोटी देतात त्यांना धैर्य दे, जे लोभापोटी देतात त्यांना लाज दे. आमच्या गरीब बंधुभगिनींचे मत विकले जाऊ नये म्हणून त्यांच्या घरात भाकर दे, आणि ती पोहोचवायला आमचे हात वापर. आमेन.